परिचारिकेच्या चुकीचा निवाडा कोणी करावयाचा?

एखाद्या जिल्हा रुग्णालयातील अतिदक्षता कक्षाची कल्पना करावी. रात्रीचे दोन वाजले आहेत. डॉक्टरांनी घाईत औषधाची मात्रा चुकीची लिहिली, परिचारिकेने ती न पडताळता दिली आणि रुग्ण दगावला. हलगर्जीपणा दोघांचा, खाट एक, मृत्यू एक. उद्या हे प्रकरण न्यायालयात गेले आणि दोघेही दोषी ठरले, तर शिक्षेची कमाल मर्यादा मात्र दोघांना एक असणार नाही. १ जुलै २०२४ पासून जुन्या भारतीय दंडसंहितेची जागा भारतीय न्याय संहितेने घेतली आहे. तिच्या १०६ व्या कलमाअन्वये निष्काळजीपणाने दुसऱ्याच्या मृत्यूस कारण होणाऱ्याला पाच वर्षांपर्यंत कारावास होऊ शकतो. नोंदणीकृत वैद्यक व्यावसायिकाच्या हातून वैद्यकीय उपचार करीत असताना तसे घडले, तर मात्र ही मर्यादा दोन वर्षांची आहे. 'नोंदणीकृत वैद्यक व्यावसायिक' कोणाला म्हणावयाचे, याचे स्पष्टीकरणही कलमातच दिलेले आहे. राष्ट्रीय वैद्यक आयोगाच्या कायद्याखाली मान्य झालेली पदवी ज्याच्यापाशी आहे आणि ज्याचे नाव वैद्यक नोंदवहीत चढले आहे तो. परिचारिकेचे नाव या नोंदवहीत नसते. ते असते दुसऱ्या एका नोंदवहीत, आणि त्या दुसऱ्या नोंदवहीची दखल घेण्याची गरज दंडविधान करणाऱ्यांना वाटलेली नाही.

जुन्या संहितेच्या ३०४-अ कलमात हा भेद नव्हता. तेथे सर्वांनाच कमाल शिक्षा दोन वर्षांची होती. नव्या संहितेत ती वाढविण्यात आली आणि डिसेंबर २०२३ मध्ये, इंडियन मेडिकल असोसिएशनच्या विनंतीवरून, डॉक्टरांपुरती जुनी मर्यादा कायम ठेवण्यात आली. ही विनंती गैर होती असे म्हणता येणार नाही. उपचार करणाऱ्याच्या डोक्यावर सदैव तुरुंगाची टांगती तलवार ठेवली, तर आणीबाणीच्या क्षणी त्याचा हात कचरेल आणि त्यात नुकसान रोग्याचेच होईल, हा विचार सर्वोच्च न्यायालयानेही २००५ च्या जेकब मॅथ्यू खटल्यात मान्य केला होता. डॉक्टरवर फौजदारी कारवाई करण्यापूर्वी त्या विषयातील जाणकाराचे निष्पक्ष मत घ्यावे आणि केवळ आरोप झाला म्हणून सरसकट अटक करू नये, असे त्या निकालाने बजावले आहे. प्रश्न एवढाच उरतो की, हा सारा विचार डॉक्टरच्या शेजारी उभ्या असलेल्या आणि तो निघून गेल्यावरही रात्रभर त्या रोग्याच्या उशाशी राहणाऱ्या बाईला का लागू पडू नये?

एखाद्या व्यवसायाला समाज अशी सवलत देतो ती फुकट देत नाही. व्यवसायाने आपल्या माणसांची वर्तणूक आपण होऊन तपासावी, नालायकाला बाहेर काढावे, चुकणाऱ्याला सुधारावे आणि हे सारे शासनाच्या देखरेखीखाली करावे, अशी त्यामागची अट असते. डॉक्टरांच्या परिषदांनी ही अट कितपत पाळली हा वेगळा वाद आहे, आणि त्या वादात त्यांची बाजू फारशी भक्कम नाही. अखिल भारतीय वैद्यक परिषद मोडीत काढून २०२० मध्ये तिच्या जागी राष्ट्रीय वैद्यक आयोग आणावा लागला, तो काही उगाच नव्हे. तरी परिषद नावाची काही वस्तू आहे आणि डॉक्टरविरुद्धची तक्रार तेथे नेता येते, एवढे सुशिक्षित रोग्याला ठाऊक असते. परिचारिकेविरुद्ध तक्रार कोठे करावयाची, असे त्याच सुशिक्षिताला विचारले तर तो रुग्णालयाच्या अधिसेविकेचे नाव सांगेल, नाहीतर पोलीस ठाण्याचे. महाराष्ट्र परिचर्या परिषद नावाची, कायद्याने अस्तित्वात आलेली आणि गैरवर्तनाबद्दल नोंदवहीतून नाव काढण्याचा अधिकार असलेली संस्था मुंबईत आहे, हे त्याच्या गावीही नसते. स्वतः परिचारिकांच्या दृष्टीनेही ती मुख्यतः प्रमाणपत्रावर शिक्का मिळविण्याची जागा आहे.

गुणांची परीक्षा आणि शीलाची परीक्षा

ही नोंदवही मुळात असावी की नसावी, यावर इंग्लंडमध्ये तीस वर्षे कडाक्याचे भांडण झाले होते. नोंदणीच्या बाजूने उभ्या राहिल्या एथेल बेडफर्ड फेनविक. त्यांनी १८८७ मध्ये ब्रिटिश परिचारिकांची संघटना उभारली आणि शिक्षण, परीक्षा व कायदेशीर नोंदणी यांखेरीज परिचर्या हा व्यवसाय म्हणून उभा राहणार नाही, असा आग्रह धरला. विरोधात कोण, तर साक्षात फ्लॉरेन्स नाइटिंगेल! त्यांचे म्हणणे असे की, परीक्षेने पाठांतर कळते, शील कळत नाही. जी बाई परीक्षेत पहिली आली ती रोग्याशी कशी वागेल, हे कोणत्याही नोंदवहीला सांगता येणार नाही. उलट, नोंदवहीतील नावाच्या आडोशाने अपात्र बाई आयुष्यभर सुरक्षित राहील.

शेवटी विजय फेनविकबाईंच्या पक्षाचा झाला. न्यूझीलंडने १९०१ मध्येच परिचारिका नोंदणीचा स्वतंत्र कायदा केला होता. पहिल्या महायुद्धानंतर, १९१९ मध्ये, ब्रिटिश संसदेनेही तो केला. १९२१ मध्ये नोंदवही उघडली तेव्हा तिच्यातील पहिले नाव फेनविकबाईंचेच होते. नाइटिंगेलबाई त्यापूर्वी अकरा वर्षे निवर्तल्या होत्या.

परंतु त्यांचा आक्षेप हेकटपणाचा म्हणून सोडून देण्यासारखा नव्हता. नोंदणी ही एका विशिष्ट दिवसाची साक्ष असते. त्या दिवशी ही मुलगी अमुक परीक्षा उत्तीर्ण झाली, एवढेच ती सांगते. त्यानंतरच्या तीस-पस्तीस वर्षांचे काय? या काळात औषधे बदलतात, यंत्रे बदलतात, माणूसही बदलतो. कोणी कर्तव्यदक्ष राहते, कोणी थकून बेफिकीर होते, कोणी व्यसनाच्या आहारी जाते, आणि क्वचित कोणी याहूनही वाईट निघते. नोंदवहीला या आक्षेपाचे उत्तर द्यावयाचे असेल, तर नावे चढविण्याइतकीच ती वेळोवेळी तपासण्याची आणि प्रसंगी उतरविण्याची यंत्रणा जागती ठेवली पाहिजे. चढविण्याची यंत्रणा उभी करणे कोणत्याही सरकारला सोपे जाते. उतरविण्याच्या यंत्रणेला हिंमत लागते, पैसा लागतो आणि व्यवसायाची जाण असलेली माणसे लागतात.

मुंबई इलाख्यात परिचारिका, सुइणी आणि आरोग्य अभ्यागत यांच्या नोंदणीचा कायदा १९३५ मध्ये झाला. स्वातंत्र्य मिळाल्यावर लगेचच, डिसेंबर १९४७ मध्ये, भारतीय परिचर्या परिषदेचा केंद्रीय कायदा झाला. शिक्षणाचा दर्जा देशभर सारखा असावा हा त्याचा मुख्य हेतू होता. आचरणाची तपासणी राज्यांच्या परिषदांकडे राहिली. संयुक्त महाराष्ट्रासाठी १९६६ मध्ये एकच परिचारिका अधिनियम आला. कागदावर पाहिले तर यात फारसे काही कमी नाही. नोंदवही आहे, परिषद आहे, गैरवर्तनाच्या चौकशीची तरतूद आहे. अलीकडे तर दर पाच वर्षांनी नोंदणीचे नूतनीकरण आणि त्यासाठी दीडशे तासांचे सातत्यशिक्षण अशी अटही आली आहे.

या दीडशे तासांबद्दल मात्र थोडे स्पष्ट बोलले पाहिजे. सभागृहात दिवसभर बसून व्याख्याने ऐकली आणि संध्याकाळी प्रमाणपत्र घेतले की तास भरतात. त्या प्रमाणपत्रांची चळत पाच वर्षांनी जमा केली की नूतनीकरण होते. दीड किलो वजनाच्या बालकाला औषधाची मात्रा किती, हे तिला मध्यरात्री बिनचूक काढता येते का? तीव्र पोटॅशियम क्लोराइडची कुपी आणि साध्या क्षारजलाची कुपी एकाच कपाटात शेजारी शेजारी ठेवलेली दिसली, तर ती हरकत घेईल का? नवा श्वसनयंत्राचा नमुना कक्षात आला, तो तिला कोणी हाताळून दाखविला आहे का? कार्यक्षमता असते ती या ठिकाणी. सभागृहातील खुर्चीवर ती मोजता येत नाही. ब्रिटनमध्ये एप्रिल २०१६ पासून दर तीन वर्षांनी जे पुनर्प्रमाणन होते, त्यात ३५ तासांच्या शिक्षणाबरोबर ४५० तास प्रत्यक्ष काम केल्याचा दाखला द्यावा लागतो. रुग्ण किंवा सहकारी यांचे पाच अभिप्राय आणि स्वतःच्या कामाविषयीची पाच चिंतनपर टिपणे द्यावी लागतात. ती टिपणे सहव्यावसायिकासमोर बसून चर्चावी लागतात. यातही कागदी घोडे नाचविता येतातच. तरी प्रश्न निदान योग्य ठिकाणी विचारला जातो.

दोन आगी आणि त्यानंतर

परिषदेची तपासणारी बाजू निजलेली असली की तिचे काम दुसरे कोणीतरी करू लागते. आपल्याकडे ते कसे होते, याची दोन उदाहरणे एकाच वर्षात घडली.

९ जानेवारी २०२१ च्या पहाटे भंडारा जिल्हा सामान्य रुग्णालयातील नवजात बालकांच्या विशेष कक्षाला आग लागली. कक्षात सतरा बालके होती. सात वाचविण्यात आली, दहा दगावली. सारा महाराष्ट्र त्या सकाळी सुन्न झाला होता. विभागीय आयुक्तांच्या अध्यक्षतेखाली चौकशी झाली. जिल्हा शल्यचिकित्सक निलंबित झाले, काहींच्या बदल्या झाल्या, आणि ज्या परिचारिका कंत्राटी होत्या त्यांची सेवा संपुष्टात आणण्यात आली. पुढच्या महिन्यात पोलिसांनी गुन्हा नोंदविला तो दोन परिचारिकांवर. त्याच वर्षी ६ नोव्हेंबरला तेव्हाच्या अहमदनगर येथील जिल्हा रुग्णालयात करोना रुग्णांच्या अतिदक्षता कक्षाला आग लागून दहाहून अधिक रुग्ण मरण पावले. पुन्हा विभागीय आयुक्तांची चौकशी समिती, पुन्हा निलंबने. तीन दिवसांत एक वैद्यकीय अधिकारी आणि तीन परिचारिका अशा चार स्त्रियांना अटक झाली. परिचारिकांच्या संघटना त्याविरुद्ध रस्त्यावर आल्या.

या स्त्रियांपैकी कोणाची काही चूक झाली नसेलच, असे येथे म्हणावयाचे नाही. बालकांच्या कक्षात सतत कोणीतरी असले पाहिजे, हा परिचर्येचा अगदी प्राथमिक नियम आहे. तो मोडला असेल तर का मोडला, हे विचारलेच पाहिजे. मेलेल्या बालकांच्या आयांना ते उत्तर मिळण्याचा हक्क आहे. आक्षेप आहे तो विचारणाऱ्याच्या पात्रतेविषयी. महसूल खात्यातील वरिष्ठ अधिकारी कितीही निःस्पृह असला, तरी एका परिचारिकेने एका पाळीत किती नवजात बालके सांभाळावीत, बाहेर गेलेल्या परिचारिकेच्या जागी दुसरी कोण हवी होती, ती का नव्हती, या प्रश्नांचा निवाडा त्याच्या अनुभवाबाहेरचा आहे. पोलीस निरीक्षकाच्या तर तो फारच बाहेरचा आहे. त्याला घटनास्थळ दिसते, हजर असलेली व्यक्ती दिसते आणि संहितेतील कलम दिसते. वीजजोडणीची देखभाल एका खात्याकडे, अग्निशमन व्यवस्थेला मंजुरी दुसऱ्या खात्याकडे, रिकामी पदे भरणे तिसऱ्याकडे, आणि त्या रात्री त्या खोलीच्या दारात उभी मात्र परिचारिका. सापडते ती.

शिवाय ज्यांचा करारच मुळात काही महिन्यांचा असतो, त्यांच्याबाबतीत चौकशीचा शेवट काय झाला तरी फरक पडत नाही. करार संपविला की शिक्षा झाली. कायम सेवेतील बाईला निदान विभागीय चौकशीत बाजू मांडावयास मिळते. कंत्राटी बाईला तेही नाही. मे २०२२ मध्ये राज्यातील शासकीय परिचारिकांनी बाह्यस्रोतांकडून होणाऱ्या भरतीविरुद्ध संप केला. त्याकडे पगारवाढीचा तंटा म्हणून पाहिले गेले. वस्तुतः तो रोग्याच्या सुरक्षिततेचाही प्रश्न होता. जिची नोकरी तक्रारीच्या एका ओळीने जाऊ शकते, ती स्वतःची चूक कधीही आपण होऊन सांगणार नाही. दुसऱ्याची तर नाहीच. आणि चूक वेळेवर सांगितली गेली नाही, तर पुष्कळदा रोगी वाचविण्याची वेळच टळून जाते.

नॅशव्हिलचा खटला

परिषद नुसती असून भागत नाही, ती वेळीच आणि धीटपणे बोलली पाहिजे, हे अमेरिकेतील एका प्रकरणावरून चांगले दिसते. तेथे परिचारिकांचा परवाना देणे आणि काढून घेणे हे त्या त्या राज्याच्या परिचर्या मंडळाचे काम आहे.

डिसेंबर २०१७ मध्ये टेनेसी राज्यातील नॅशव्हिल शहरात, एका मोठ्या विद्यापीठीय रुग्णालयात, ७५ वर्षांच्या एका रुग्ण बाईला तपासणीपूर्वी मन शांत करणारे औषध द्यावयाचे होते. परिचारिकेने औषधांच्या संगणकीय कपाटात त्या औषधाच्या व्यापारी नावाची पहिली दोन अक्षरे दाबली. कपाटात ते मूळ रासायनिक नावाने नोंदलेले होते, म्हणून सापडले नाही. तिने कपाटाचा अटकाव बाजूला सारण्याची सोय वापरली आणि त्याच दोन अक्षरांनी सुरू होणारे दुसरेच औषध बाहेर आले. ते स्नायू लुळे पाडणारे, श्वास थांबविणारे औषध होते. कुपीच्या टोपणावर तसा इशारा छापलेला होता. हवे असलेले औषध द्रव, हे भुकटीचे, तरीही तिच्या ध्यानात आले नाही. रोगी बाई गेली. परिचारिकेने चूक ताबडतोब कबूल केली. रुग्णालयाने तिला कामावरून काढले, पण जेथे कळवावयास हवे होते त्या देखरेख यंत्रणेला मात्र घटना कळविली नाही. पुढील वर्षी एका निनावी पत्राने ती उजेडात आली.

राज्याच्या आरोग्य खात्याने २०१८ मध्ये प्रकरण पाहिले आणि कारवाईची गरज नाही असे ठरविले. मग २०१९ च्या फेब्रुवारीत सरकारी वकिलांनी फौजदारी खटला भरला. लोकक्षोभ उसळल्यावर खात्याने आपला निर्णय फिरविला आणि जुलै २०२१ मध्ये परिचर्या मंडळाने परवाना रद्द केला. मार्च २०२२ मध्ये पंचांनी तिला दोषी ठरविले. मे महिन्यात न्यायाधीशांनी तीन वर्षांची देखरेखीखालील मुक्तता दिली, तुरुंगात धाडले नाही. निकालाच्या दिवशी देशभरच्या परिचारिका न्यायालयाबाहेर उभ्या होत्या. त्यांना भय वाटत होते ते असे: चूक कबूल करणारीला हे फळ मिळणार असेल, तर यापुढे कबूल करणार कोण? २०२४ मध्ये शेजारच्या केंटकी राज्याने आरोग्यसेवकांच्या साध्या चुकांना फौजदारी कारवाईपासून संरक्षण देणारा कायदा केला, त्यामागे हीच चिंता होती.

या प्रकरणात मंडळाने सुरुवातीलाच खुली सुनावणी घेतली असती, तर? एवढे इशारे डावलणे हा गंभीर दोष आहे, या परिचारिकेने काही काळ रोग्याला हात लावता कामा नये, आणि त्याबरोबरच या रुग्णालयाच्या कपाटात अटकाव डावलणे ही रोजचीच बाब का झाली होती, असे तेव्हाच जाहीरपणे म्हटले गेले असते, तर सरकारी वकिलाला पुढे यावयास कारण उरले असते की नाही, याची शंका आहे. मंडळ गप्प राहिले आणि मोकळी जागा दंडविधानाने भरून काढली.

गप्प राहण्याचे दुसरे टोक याहून भयानक आहे. चार्ल्स कलेन नावाच्या परिचारकाने न्यू जर्सी आणि पेनसिल्व्हेनिया या राज्यांत सोळा वर्षे नोकऱ्या करीत, औषधांच्या जादा मात्रा देऊन रोग्यांचे जीव घेतले. २००३ मध्ये तो पकडला गेला आणि पुढे २९ खुनांबद्दल दोषी ठरला. या काळात तो नऊ रुग्णालयांत आणि एका शुश्रूषागृहात कामाला होता. अनेक ठिकाणी त्याच्याविषयी संशय आला होता. पण संशय आला की त्याला जाऊ द्यावयाचे, पुढच्या मालकाने विचारले तर अमुक तारखेपासून अमुक तारखेपर्यंत नोकरीत होता एवढेच सांगावयाचे, अशी रीत पडली होती. आपल्या संस्थेची अब्रू आणि दाव्याची भीती यापुढे शेजारच्या गावातील रोग्याचा जीव कोणाला आठवला नाही. शेवटी न्यू जर्सीने २००५ मध्ये कायदा करून रुग्णालयांना बंधन घातले की, अयोग्यता, गैरवर्तन किंवा निष्काळजीपणा यांबद्दल कोणाला कामावरून दूर केले तर ते राज्याला कळविलेच पाहिजे आणि पुढच्या मालकाने विचारल्यास खरी माहिती दिली पाहिजे.

आपल्याकडील खासगी रुग्णालयांतही 'राजीनामा दे आणि जा' हीच रीत आहे, हे त्या जगाशी ज्यांचा संबंध येतो ते जाणतात. राजीनाम्याबरोबर तक्रारही जिरते.

परदेशाचे म्हणून सारेच वाखाणण्याचे कारण नाही. ब्रिटनची परिचर्या आणि प्रसाविका परिषद पुष्कळ बाबतींत नमुनेदार आहे. तिच्या मंडळावर सहा व्यावसायिक आणि सहा व्यवसायाबाहेरचे नागरिक असतात. ताकीद, अटींसह काम, निलंबन आणि नाव काढणे अशा चार पायऱ्यांची शिक्षा असते आणि निकाल लोकांना वाचावयास मिळतात. परंतु जुलै २०२४ मध्ये तिच्याच कारभारावरील स्वतंत्र अहवालाने दाखवून दिले की, चौकश्या वर्षानुवर्षे तुंबल्या आहेत, संस्थेच्या आत वंशभेद आणि दादागिरी आहे, आणि चौकशीच्या फेऱ्यात सापडलेल्या काही परिचारिकांनी जीव दिले आहेत. लांबलेली चौकशी ही निर्दोष व्यक्तीलाही शिक्षाच असते, हे भारतीय वाचकाला सांगावयास नको.

नव्या कायद्यापुढील काम

१९४७ च्या कायद्याची जागा घेण्यासाठी संसदेने ऑगस्ट २०२३ मध्ये राष्ट्रीय परिचर्या आणि प्रसाविका आयोगाचा कायदा संमत केला. त्यात चांगल्या गोष्टी आहेत. एकोणतीस सदस्यांच्या आयोगाचे अध्यक्षपद परिचर्येतील पदव्युत्तर पदवी आणि दीर्घ अनुभव असलेल्या व्यक्तीकडेच जाईल. दुसऱ्या कोणत्या खात्याचा अधिकारी तेथे आणून बसविता येणार नाही. नीतिमत्ता आणि नोंदणी यांसाठी स्वतंत्र मंडळाची तरतूद आहे. जेथे राज्याचा कायदा नाही तेथे राज्य आयोग स्थापण्यास एक वर्षाची मुदत घातली होती आणि आचारसंहिता पाळली जाते की नाही हे पाहून शिस्तभंगाची कारवाई करण्याचे काम या राज्य पातळीवरच सोपविले आहे. नोंदणीविना व्यवसाय करणाऱ्यास एक वर्षापर्यंत कारावास किंवा पाच लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात.

शेवटचे कलम वाचताना तालुक्याच्या गावातील दहा-वीस खाटांची खासगी रुग्णालये डोळ्यांपुढे येतात. तेथे पांढरा कोट घालून सलाइन लावणारी, इंजेक्शन देणारी मुलगी पुष्कळदा दहावी-बारावी झालेली असते आणि तिला काम शिकविलेले असते ते आधीच्या तशाच मुलीने. गाव तिला 'सिस्टर' म्हणतो. शिकलेल्या परिचारिकेचा पगार परवडत नाही, असे मालक सांगतो. ते अगदीच खोटे नसते. ही मुलगी कोणत्याच नोंदवहीत नाही, म्हणून कोणत्याच परिषदेच्या कक्षेत नाही. कलमाची पहिली झळ मात्र तिलाच लागणार. तिला कामाला ठेवणाऱ्याच्या परवान्याशी हा प्रश्न जोडला नाही, तर एक मुलगी जाईल आणि दुसरी येईल. रुग्णालयांची नोंदणी स्थानिक यंत्रणा करते आणि परिचारिकांची नोंदणी परिषद करते. या दोन नोंदवह्या एकमेकींसमोर उघडून ठेवणे संगणकाच्या काळात अवघड नाही. ते केले तर अनेक पाट्या उतरवाव्या लागतील, ही अडचण असू शकते.

महाराष्ट्रात आचरणाच्या चौकशीचे नियम नव्याने लिहिले जातील तेव्हा काही गोष्टी त्यांत स्पष्टपणे आल्या पाहिजेत. एखाद्या परिचारिकेला निष्काळजीपणाबद्दल दूर केले तर ते परिषदेला कळविणे प्रत्येक रुग्णालयावर बंधनकारक असावे, मग ते शासकीय असो वा खासगी. चौकशी समितीत अनुभवी परिचारिका असाव्यात, परंतु व्यवसायाबाहेरचा निदान एक नागरिक तेथे असलाच पाहिजे, नाहीतर रोग्याचा नातेवाईक तिला भावकीची पंचायत म्हणेल आणि त्याचे फारसे चुकणारही नाही. निकाल छापून प्रसिद्ध व्हावा. चौकशीला मुदत असावी. आणि परिषदेच्या तज्ज्ञांचे मत आल्यावाचून पोलिसांनी परिचारिकेला अटक करू नये. डॉक्टरांच्या बाबतीत जे सर्वोच्च न्यायालयाने सांगितले ते परिचारिकांसाठी शासनाला एका परिपत्रकाने करता येण्यासारखे आहे. १०६ व्या कलमातील पाच आणि दोन वर्षांचा भेद मिटविणे हे मात्र संसदेचे काम आहे. परिषदेने आपली चौकशी खरोखर चालविली, तर तो भेद मिटविण्याची मागणी करताना परिचारिकांच्या संघटनांना काहीतरी दाखविता येईल.

या चौकशीत सर्वांत आधी कोणता कागद मागवावा, हे कोणतीही परिसेविका सांगू शकेल. पोलीस पंचनामा करतात तो घटनास्थळाचा. जळालेले यंत्र, फुटलेली कुपी, हजर असलेल्यांची नावे त्यात येतात. कक्षाच्या भिंतीवर लावलेला महिन्याचा कामवाटपाचा तक्ता पंचनाम्यात क्वचितच येतो. भारतीय परिचर्या परिषदेच्या मानकानुसार अतिदक्षता कक्षात एका रोग्यामागे एक परिचारिका असावी, असे अधिकृतपणे सांगितलेले आहे. त्या रात्रीच्या रकान्यात किती नावे होती, त्यांपैकी किती जणी सलग दुसरी पाळी करीत होत्या, एक नाव खोडून तिला दुसऱ्या कक्षात कोणी आणि कोणाच्या सहीने पाठविले होते, हे सारे त्या एका कागदावर असते. तो कागद जपून ठेवणे आणि परिषदेने मागताच मूळ स्वरूपात हजर करणे हे रुग्णालयाच्या प्रमुखाचे वैयक्तिक उत्तरदायित्व आहे, असा एक नियम नव्या नियमावलीत पहिल्याच पानावर घालता येईल.